ती गडावर, मी घरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ६१ वर्षांचा. गेल्या वर्षी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. नोकरीभर नोटांच्या तपासणीत होतो. ओव्हरटाइम मिळायचा, त्यामुळे रजा टाकून फिरायला जाणं जिवावर यायचं. ही म्हणायची, कुठेतरी जाऊ या. मी म्हणायचो, रिटायर होऊ दे, मग सगळा भारत दाखवतो.

ही ५६ वर्षांची. काही वर्षांपूर्वी कॉलनीतल्या बायकांबरोबर सकाळी चालायला लागली. मग पांडवलेणी, मग रामशेज, आणि आता महिन्यातले दोन रविवार पहाटे साडेचारला सॅक लावून घराबाहेर. एकदा हिच्या आग्रहाने मी अंजनेरी गडावर गेलो. सगळ्यांच्या मागे पडलो. प्रत्येक वळणावर मंडळी माझी वाट बघत बसलेली. एक पोरगा म्हणाला, 'काका, सॅक द्या माझ्याकडे.' त्यानंतर गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगतो, थोडा दुखतोही.

मी दोघांसाठी केरळच्या आठ दिवसांच्या टूरचा अ‍ॅडव्हान्स भरून आलो. ही म्हणाली, 'अहो, बसच्या खिडकीतून बघायला मला नाही यायचं. तुम्ही जाऊन या.' तिला उत्तराखंडात, फुलांच्या दरीत जायचंय. मुलगी पुण्याहून तिलाच पाठिंबा देते. शेजारचे विचारतात, 'वहिनी आज कुठल्या गडावर?' या वयात हे शोभतं का? काही बरंवाईट झालं तर? तिला समजवावं कसं? उन्हाळ्यात गडावरून येताना माझ्यासाठी रुमालात करवंदं बांधून आणते. मला ती खाववत नाहीत.

मागे राहिलेला, जेलरोड

नमस्कार,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्ही तिच्याविषयी आहेत. तुमच्याविषयीचं खरं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय: करवंदांचं. मी उत्तर त्यालाच देणार आहे. बाकीचं ओघात येईल.

काळजी करणारा माणूस दिवसभर फोनकडे बघतो, संध्याकाळी गॅलरीत येरझाऱ्या घालतो, आणि बायको दारात दिसली की त्याला सपाटून भूक लागते. तुमचं उलटं होतंय. ती धडधाकट घरी आली, हसतेय, पायाला चिखल आहे, हातात करवंदं आहेत, आणि तुमचा घास तिथे अडकतो. तुमच्यावाचून तिचा दिवस छान गेला, हे तुम्हाला लागतं. ते लागणं मला समजतं. 'सगळा भारत दाखवतो' या वाक्यात दाखवणारे तुम्ही होतात आणि बघणारी ती. तेवढ्यात ती स्वतःच जाऊन बघून आली, आणि आता तुम्हाला सांगते. इतकी वर्षं मनात जपलेला बेत समोरच्याने न मोडताच निकामी झाला, तर माणूस चिडणार कुणावर?

पण हे दुखणं तुम्ही 'या वयात शोभतं का' असं म्हणून तिच्यापुढे ठेवलंत, तर ती त्या प्रश्नाचं उत्तर देईल आणि ते तुम्हाला झोंबेल. माझं उत्तर विचाराल तर, शोभतं. चैत्रात सप्तशृंगीला खानदेशातून उन्हातान्हात पायी येणाऱ्या बायका बघा. त्यात साठीच्या कितीतरी असतात. त्यांना कुणी शोभतं का विचारत नाही, कारण हातात झेंडा असतो. पाठीला सॅक आली की लोकांना वय आठवतं. शेजाऱ्यांना गडाचं नाव सांगा आणि चहा घ्या.

आता अंजनेरी. तिथे नेमकं काय झालं ते सांगते, कारण तुम्ही त्या दिवसाचा अर्थ चुकीचा लावून बसलाय असं मला वाटतं. अंजनेरी सोपा म्हणतात, पण नवख्याला तो फसवतो. पायऱ्या चढून पठारावर आलं की वाटतं, झालं. मग मंदिर, तळं, आणि तिथून पुन्हा वरच्या पठाराचा चढ. आधीच धाप लागलेल्या माणसाचा दम त्या दुसऱ्या चढात जातो. त्यात तुम्ही होतात रांगेच्या शेवटी. पुढची मंडळी वळणावर थांबतात, पाणी पितात, दहा मिनिटं बसतात. तुम्ही पोचता आणि तेवढ्यात ती उठतात, 'चला, आले काका.' म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. दिवसभर हेच चाललं तर धडधाकट माणूसही गळपटेल. जाणते ट्रेकर म्हणूनच सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवतात, त्याच्या चालीने सगळी रांग चालते, आणि सर्वांत शेवटी एक अनुभवी माणूस असतो ज्याच्या मागे कुणी उरता कामा नये. तुमच्या त्या ग्रुपने हे केलं नाही. तुम्ही कमी पडलात हे अर्धंच खरं आहे.

सॅक मागणाऱ्या पोराला माफ करा. तो चांगलंच वागला, तुम्हाला ते सहन झालं नाही एवढंच.

यातलं तुमच्या बायकोला काय माहीत आहे? गुडघा. तुम्ही तिला गुडघा सांगितला, लाज सांगितली नाही. गुडघ्याला ती तेल चोळून देईल, बाम आणेल, आणि पुढच्या रविवारी निघून जाईल, कारण गुडघा दुखणाऱ्या माणसाला गडावर ओढून नेणं तिच्या मते दुष्टपणा. तिने तुम्हाला मागे टाकलं असं तुम्हाला वाटतं. तिला वाटतं, ह्यांना यायचंच नाहीये. 'अंजनेरीला सगळ्यांसमोर मागे पडलो, मला लाज वाटली, म्हणून येत नाही.' एवढं बोला. रविवारी रात्री नको, तेव्हा ती थकलेली असते. आठवड्यात कधीतरी भाजी निवडताना बोला. समजवायचं काही नाहीये, हे सांगायचं आहे.

केरळबद्दल मात्र तुमची बाजू घेता येत नाही. न विचारता दोघांचे पैसे भरलेत. तुम्हाला ते प्रेमाचं वाटलं असणार, तिला तो ओव्हरटाइमच्या काळातलाच कारभार वाटला: कुठे, कधी, कसं, हे ठरवणार तुम्ही. 'तुम्ही जाऊन या' हे वाक्य कडू आहे. पण त्याला इतक्या वर्षांचं व्याज लागलेलं आहे.

आता काळजीचं. वर मी ती बाजूला सारली, पण डोंगरात काळजी करण्यासारख्या गोष्टी खरंच असतात, आणि 'काही झालं तर' असं मोघम म्हणण्यापेक्षा त्या नेमक्या माहीत असलेल्या बऱ्या. हरिहर गडाच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या आहेत, हाताने धरायला खोबण्या आहेत. कोरड्या दिवशी, शांतपणे, सावकाश चढलं तर बऱ्याच जणांना जमतं. धोका वाढतो तो सुटीच्या दिवशी, चढणारे आणि उतरणारे त्याच अरुंद पायऱ्यांवर समोरासमोर आले आणि मध्येच कुणी रील करायला थांबलं की. (हे रीलवाले आवरण्यासाठी गडावर पुन्हा किल्लेदार नेमावेत असं माझं मत आहे.) पावसाळ्यात पाणी हा वेगळा विषय. त्र्यंबकेश्वरजवळ दुगारवाडीच्या धबधब्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक चढलं आणि पर्यटक पलीकडे अडकले होते. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वरच्या डोंगरात पडून गेलेला असतो. ओढा दहा मिनिटांत रूप बदलतो. तिला एवढंच विचारा की पावसाळी ट्रेकमध्ये ओढा ओलांडावा लागतो का, आणि पाणी वाढलं तर परत फिरायचा निर्णय कोण घेतं. ज्या ग्रुपकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही, त्या ग्रुपबरोबर पावसात जाऊ नये, हे तिलाही पटेल. कड्याला आग्या मोहोळ असेल तिथे सेंट-डिओ लावून जायचं नाही, धूर करायचा नाही, हेही.

आणि घरी बसून करण्यासारखं एक काम आहे, जे बहुतेक घरांत कुणीच करत नाही. निघायच्या आधी तिने पायथ्याचं गाव, वाट, लीडरचा आणि गावातल्या एका माणसाचा नंबर कागदावर लिहून द्यायचा. खाली उतरायची वेळ ठरवायची, त्या वेळेनंतर आणखी दोन तास सोडायचे, कारण डोंगरात रेंज जाते आणि उशीर तर होतोच. तोवर तुम्ही फोन करायचा नाही. त्यानंतर मात्र आधी लीडर, मग गावातला माणूस, मग ११२. दर अर्ध्या तासाला 'कुठे पोचलीस' विचारण्यापेक्षा याने तुमचा रविवार जास्त शांत जाईल. तिचाही.

आता दोघांनी मिळून जायचं कसं. तुमच्या पत्रात दोनच पर्याय दिसतात: एकतर ती बसमध्ये तुमच्या शेजारी, नाहीतर तुम्ही गडावर तिच्या मागे. जोडीने प्रवास म्हणजे दिवसभर एकाच पायरीवर असणं, हे कुणी ठरवलं? घरून एकत्र निघा, दिवसाचा मधला भाग ज्याचा त्याचा, संध्याकाळी पुन्हा एकत्र. नाशिकइतकी याला सोयीची जागा दुसरीकडे क्वचितच सापडेल. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. ती पाचशेच्या वर पायऱ्या चढो, तुम्ही ट्रॉलीने जा, वर दर्शनाच्या रांगेत भेटा. रतनगडाला जायचं असेल तर भंडारदऱ्यापलीकडे रतनवाडीत मुक्काम करा. ती पहाटे गडाच्या शिड्यांकडे जाईल, तुम्ही अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर निवांत बघा. त्या मंदिरावरचं कोरीवकाम बघायला अर्धा दिवस सहज जातो. बारी गावातून ती कळसूबाईला गेली तर तुम्ही खाली कुणाच्या तरी ओसरीवर बसून भाताच्या गोष्टी ऐका. आणि मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर, भंडारदरा भागात काजवे बघायला जा. तिथे चढ नाही, दम नाही, अंधारात झाडाखाली उभं राहायचं. तिथे दोघं एकाच ठिकाणी असाल. गाडीचे दिवे बंद ठेवायचे आणि गवतात शिरायचं नाही, एवढंच पथ्य.

तुमच्याजवळ आणखी एक गोष्ट आहे जी तिच्या नोकरदार मैत्रिणींजवळ नाही. तुमचा मंगळवारही मोकळा आहे. सुटीच्या दिवशी जत्रा असलेला अंजनेरी मंगळवारी निराळा असतो. पुन्हा जायचं तर त्या दिवशी, दोघंच, ग्रुप नको. तुम्ही पुढे, ती मागे. पठारापर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल. परत फिरायचं कधी, हे तुम्ही सांगायचं, आणि तिने 'अजून थोडं' म्हणायचं नाही. हे पत्र तिला वाचायला देणार असाल तर ही ओळ तिच्यासाठी आहे.

पण तुमच्यासाठी खरी जागा मला वेगळीच सुचते. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे, त्यामागे गाळ साचत साचत पाणथळ तयार झाली, आणि हिवाळ्यात तिथे पाहुण्या पक्ष्यांची झुंबड उडते. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. सगळं सपाट, कडेकडेने चालायचं, मनोऱ्यावर बसायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. चक्रवाक तुम्हाला कुणी दाखवावा लागणार नाही, तो केशरी रंगाने लांबूनच कळतो. पण थापट्या आणि तलवार बदक यांच्या माद्या शेजारी शेजारी पोहत असतील तर दोन्ही तपकिरी, दोन्ही ठिपक्यांच्या. नवख्या माणसाला त्या एकच वाटतात. एकीची चोच पुढे पळीसारखी रुंद, दुसरीची शेपटी टोकदार. चिखलातले तुतवार तर त्याहून अवघड. पायाचा रंग आणि पाठीवरचे ठिपके बघून फरक लावायचा. आता सांगा, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या नोटांतली एक चुकलेली नोट ज्याने आयुष्यभर डोळ्यांनी हेरली, त्याला हे जमणार की रविवारी दोन गड मारणाऱ्याला? सुरुवातीला स्थानिक गाइड घ्या, त्यांच्याकडे मोठी दुर्बीण असते आणि कोणता पक्षी कोणत्या बाजूला उतरतो हे त्यांना पाठ असतं. दोन हिवाळे नियमित गेलात तर बोट दाखवून सांगणारे तुम्ही असाल आणि 'कुठे? कुठे हो?' म्हणणारी ती.

मग फुलांची दरी. मला तिची निवड आवडली, कारण तुमच्या दोघांच्या पायांना ती एकाच वेळी पुरेल. दरी जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत उघडी असते, फुलं मात्र साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्टला भरात असतात. म्हणजे ऐन पावसात जायचं. बद्रीनाथच्या रस्त्यावरच्या गोविंदघाटावरून थोडा गाडीरस्ता, मग दरीच्या अलीकडच्या घांघरिया गावापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढाची वाट. तिथे खेचरं मिळतात. ती चालेल, तुम्ही खेचरावर बसा, वर चहाच्या टपरीवर भेटा. (खेचरावर बसण्यात लाज नाही. खेचराला विचाराल तर त्याचं मत वेगळं असेल.) दरीच्या आत खेचरं नेऊ देत नाहीत, पण तिथे टोक गाठायचं असं काही नसतंच, जिथे दमाल तिथे बसा, फुलं तिथेही असतात. दरीत मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत घांघरियाला परत यावं लागतं. तिला हेमकुंड, म्हणजे घांघरियाच्या वरचा सरोवराकाठचा गुरुद्वारा, करायचं असेल तर तो तिचा वेगळा दिवस ठेवा. ते चार हजार मीटरच्या वर आहे.

या सहलीची तयारी आत्तापासून करा, या वर्षी घाई नको. घांघरिया तीन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, आणि तिथे तुम्ही झोपणार आहात. नाशिकरोडवरून पंजाब मेल धरून दिल्ली, पुढे ऋषिकेश, तिथून वर जाताना जोशीमठला एक रात्र थांबा म्हणजे शरीर सावरतं. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागेना, तर 'होईल बरं' म्हणत आणखी वर जायचं नाही, आणि बरं वाटेना तर खाली उतरायचं. हे दोघांनाही लागू, तिला जास्त, कारण रोज डोंगर चढणाऱ्यांना वाटतं आपल्याला उंची लागत नाही. विरळ हवा तंदुरुस्ती बघून त्रास देत नाही. जाण्याआधी दोघांनी बीपी, साखर आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. साठीनंतर हृदयाची तपासणी न करता तीन हजार मीटरवर जाऊ नये. पावसात बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि गाड्या तासन्‌तास, कधी दिवसभर अडकतात. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर सगळं भांडण तिथल्या रस्त्यावर होईल.

गुडघ्याचं राहिलं. 'थोडा दुखतोही' म्हणालात ना, मग तो दाखवा. कारण म्हणून वापरला तरी तो तुमचाच गुडघा आहे. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून उतरताना दोन काठ्या वापरा, पावलं छोटी टाका. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवेल. मग पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून दोन-तीनदा. वर २४ लेणी आहेत, एखाद्या दिवशी चढायचा कंटाळा आला तर एकेका लेण्याचं निमित्त करून जा.

केरळच्या अ‍ॅडव्हान्सचं काय करावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे अडकलेत म्हणून सांगते. आधी तिची माफी मागा, मग टूरवाल्याला विचारा की तिचं बुकिंग रद्द केलं तर किती परत मिळतील. आणि स्वतः जा. गंमत करत नाही. तुम्ही आयुष्यात कधी एकटे फिरला नाहीत असं पत्रावरून दिसतं. तिने तीन-चार वर्षं तुमच्याशिवाय डोंगर बघितले, तुम्ही आठ दिवस तिच्याशिवाय समुद्र आणि चहाचे मळे बघा. थेक्कडीला मुक्काम असेल तर पेरियारमध्ये वनखात्याची बांबूच्या तराफ्यावरून फेरी असते, ती टूरमध्ये नसली तरी करा. प्रेसमधला एखादा जोडीदार मोकळा असेल तर त्याला सोबत घ्या. एकट्याने गेलात तर खोलीचे पैसे जास्त पडतात, तेवढं आधीच विचारून घ्या.